एक डोळा मिटावा लागतो

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी संपादक दर वर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि दर वर्षी मी काहीतरी देऊन त्यांना वाटेला लावतो. एका वर्षी ‘चष्म्याची निगा’ दिलं. पुढच्या वर्षी ‘मोतीबिंदूला घाबरू नका’. तिसऱ्या वर्षी विषय संपले म्हणून ‘चष्म्याची निगा’च पुन्हा दिलं, नुसतं शीर्षक बदलून. कोणाच्या लक्षात आलं नाही, उलट तिघांनी अभिनंदनाचे फोन केले. यंदा संपादक म्हणाले, “काका, चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत पाहिलं तुम्ही. तिथे काय दिसलं ते लिहा ना.”

मी हो म्हणालो आणि महिनाभर फोन उचलला नाही. कारण लोकांच्या डोळ्यांत पाहणं हाच ज्याचा धंदा, त्या माणसाला एका माणसाच्या डोळ्यांत पाहता आलं नाही. ते टाळण्यासाठीच मी इतकी वर्षं चष्म्याची निगा सांगत आलो. आता सत्तरी ओलांडली आहे. या खेपेला तेच लिहितो.

जबलपूरच्या कांचघर भागात माझ्या सासऱ्यांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांना सगळे अण्णाजी म्हणायचे. मी आधी तिथे नोकर होतो, मग जावई झालो, आणि ते गेल्यावर मालक. नोकराचा जावई कसा झालो ते पुढे येईलच, कारण त्याचाही या गोष्टीशी संबंध आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नंबर काढला की चष्म्याचं काम झालं. नंबर हे अर्धंच काम. प्रत्येक भिंगाला एक मध्यबिंदू असतो आणि तो बरोबर डोळ्याच्या बाहुलीसमोर यावा लागतो. जरा सरकला की जमीन वर आल्यासारखी वाटते, पायरी चुकते, कपाळ दुखतं आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणतं की तुम्हाला काही येत नाही. म्हणून दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. आता त्याला यंत्रं आहेत. आमच्याकडे सहा इंची पारदर्शक पट्टी होती.

ती पट्टी गिऱ्हाइकाच्या नाकावर आडवी धरायची. आपण समोर, हातभर अंतरावर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर बसायचं. मग आपला उजवा डोळा मिटायचा आणि म्हणायचं, “माझ्या उघड्या डोळ्यात बघा.” पट्टीचं शून्य त्याच्या एका बाहुलीवर लावायचं. पट्टी न हलवता आता डावा मिटायचा, उजवा उघडायचा. “आता या डोळ्यात बघा.” दुसऱ्या बाहुलीवरचा आकडा वाचायचा. साठ, बासष्ट, जो असेल तो. आपले दोन्ही डोळे उघडे ठेवून मोजलं तर नजर तिरपी पडते आणि माप हमखास चुकतं. एक डोळा मिटावाच लागतो.

आता तुम्हीच विचार करा. अनोळखी माणूस हातभर अंतरावरून तुमच्या डोळ्यात डोळा घालून बघतो, आधी एक डोळा मिटतो आणि मग दुसरा. कोणत्याही गावात याला काय म्हणतात?

म्हणून अण्णाजींचा दुकानात एक नियम होता. पट्टी हातात घेण्याआधी सांगायचं. पुरुष असो, बाई असो, जिल्ह्याचा कलेक्टर असो, आधी सांगायचं, “एक आँख बंद करूँगा, नाप के लिए. बुरा मत मानिए.” अण्णाजी स्वतः हे वाक्य एखाद्या मंत्रासारखं म्हणायचे आणि मगच डोळा मिटायचे.

खरं तर या धंद्याला माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडला नसता. आमच्या घरी वडिलांशी बोलताना नजर वर केली तर ते म्हणायचे, “डोळे वटारून राहिला काय रे?” त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या पायांची बोटं मला जास्त चांगली आठवतात. आणि दोन गल्ल्या पलीकडे शाळेत गेलं की मास्तर ओरडायचे, “नजर काहून चोरतो? इकडे पाह्य माझ्याकडे!” घर आणि शाळा यांच्यामध्ये एक पिठाची गिरणी होती. तिथे पोहोचलो की मी नजर वर-खाली करायचो. तेच माझं पहिलं प्रशिक्षण.

दुकानात आल्यावर कळलं की गोंधळलेला मी एकटाच नाही. प्रत्येक माणूस आपल्या घरची नजर सोबत घेऊन दुकानात येतो.

खमरियाकडच्या एका कारखान्यात मशीन बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. त्याच्या चष्म्याची काच फुटली म्हणून तिथला आपला एक मराठी बाबू त्याला घेऊन आमच्याकडे आला. साहेबाचे केस पांढरे, म्हणून मी मान खाली घालून अदबीने काचेचे प्रकार सांगत होतो. साहेब माझ्याकडे टक लावून बघत होता. पापणीसुद्धा हलवत नव्हता. थोड्या वेळाने तो बाबूला काहीतरी म्हणाला. बाबू मला म्हणाला, “साहेब विचारून राहिले, काचेत काही खोट आहे काय? मग सांगताना खाली काहून पाहता?”

मी म्हणालो, “खोट कसली? साहेब वयानं मोठे आहेत, म्हणून.”

बाबूने भाषांतर केलं. साहेब जागचा उठला, आरशात आपले केस पाहून आला आणि बाबूला काहीतरी बोलला.

“साहेब म्हणून राहिले, मी अडतीस वर्षांचा आहे.”

मी पस्तिशीचा होतो. त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून इतके हसलो की माप घेताना पट्टी तीनदा नाकावरून घसरली.

याच्या अगदी उलट एक जपानी बाई. भेडाघाटला नर्मदेतल्या नावेत त्यांच्या चष्म्याची काडी तुटली होती. बोलताना त्या सारख्या माझ्या सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे बघत होत्या. मला वाटलं बटण उघडं आहे. चाचपून पाहिलं, लावलेलं होतं. तरी मी ते काढून पुन्हा लावलं. त्यावर त्या फार ओशाळल्या आणि फरशीकडे बघायला लागल्या. मीही फरशीकडे बघायला लागलो. काडी बसेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून फरशी पाहिली. आयुष्यात इतक्या सुखानं मी कोणत्याच गिऱ्हाइकाशी बोललेलो नाही.

कुंडमच्या बाजूचा एक म्हातारा गोंड बाबा यायचा. समोरच्या स्टुलावर कधी बसायचा नाही. स्टूल उचलून माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून ठेवायचा आणि दोघांनी मिळून रस्त्याकडे पाहत बोलायचं. मी म्हटलं, “बाबा, सामने बैठो, नाप लेना है.” तो म्हणाला, “आमने-सामने तो झगड़ा करते हैं, बेटा. बात तो बाजू में बैठ के होती है.” त्याचं माप मी शेवटी आरशात बघून घेतलं. दोन मिलिमीटरने चुकलं असणार. पण तक्रार त्याने केली नाही, बहुधा तक्रार समोर बसून करावी लागली असती म्हणून.

खेड्यातल्या घूँघटवाल्या बायकांचा प्रश्न वेगळाच. एक नवरा म्हणाला, “भैया, मेरा नाप ले लो, इसका भी वही होगा, एक ही घर के हैं.” एक आजीबाई मात्र माझा मंत्र ऐकून खदखदा हसल्या आणि म्हणाल्या, “मार ले बेटा, जितनी मारनी हो मार ले. पचास साल से किसी ने मारी नहीं.”

हे सगळं मी लग्नकार्यात सांगतो आणि लोक हसतात. इथून पुढचं मी कुठेच सांगत नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत पडद्याआड दामोदर बसायचा. माझ्याच वयाचा, वर्ध्याकडचं घराणं, वडील कारखान्यात होते. काच कापणं, कडा घासणं, फ्रेममध्ये बसवणं हे सगळं काम त्याचं. त्याच्या हातची काच फ्रेममध्ये बसताना ‘टच्’ असा एकच आवाज यायचा. माझ्या हातून तो आवाज कधी आला नाही. दामोदर गिऱ्हाइकासमोर येत नसे. लाजाळू होता. माप घेणं तर त्याने कधी केलंच नाही. पुढचं काम माझं, मागचं त्याचं.

त्याची एक सवय होती. भिंगाचा मध्य शोधायचा तर ते उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, त्यातून खिडकीच्या गजांची फुली बघायची. भिंग हलवलं की फुली हलते. ती तुटक न दिसता सरळ जुळली की तिथे शाईचा ठिपका द्यायचा. दिवसभर हेच करून दामोदरला जग एका डोळ्याने बघायची सवय लागली होती. चहाचा ग्लास आला तरी तो उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघायचा आणि मगच प्यायचा.

त्या दिवशी मझौलीकडून एक कुटुंब आलं होतं. नवरा, त्याचा धाकटा भाऊ आणि नवऱ्याची बायको, डोक्यावरून हनुवटीपर्यंत घूँघट. नंबर काढून झाला होता. दोघे पुरुष पान खायला समोर गेले. माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते, घरी जेवायला जायची घाई होती आणि मी पट्टी उचलली.

मंत्र म्हणालो नाही. विसरलो.

तिने दोन बोटांनी पदर वर केला. नजर खालीच होती. मी म्हणालो, “मेरी आँख में देखिए.” तिने क्षणभर नजर वर केली आणि तिला काय दिसलं असेल? एक मिटलेला डोळा. मी बदलून दुसरा मिटेपर्यंत पदर पार गळ्याखाली गेला होता. ती उठून बाहेर गेली. मी कागदावर अंदाजाने एकसष्ट लिहिलं आणि घरी जायला चपला शोधू लागलो, कारण मला वाटलं, लाजली.

थोड्या वेळाने दुकानाच्या दारात सहा-सात माणसं उभी. नवरा, दीर, पानवाल्याकडची दोन-तीन रिकामी मंडळी.

“कौन था आँख मारने वाला?”

मी हातातली पट्टी काउंटरवर ठेवली. आणि नेमका त्याच क्षणी पडदा सरकला. दामोदर हातात भिंग घेऊन बाहेर आला. मागच्या खोलीत वीज गेली होती म्हणून तो उजेडासाठी दाराकडे आला होता. त्याने भिंग दाराकडे धरलं आणि एक डोळा मिटून त्यातून पाहिलं. समोर ती सगळी मंडळी.

दीर ओरडला, “देखो, देखो! अभी भी मार रहा है! सबको मार रहा है!”

दामोदर बिचारा म्हणाला, “भैया, मैं तो काँच देख रहा था.”

“काँच? हमारी भाभी को काँच बोलता है?”

आज हे लिहिताना मला हसू येतं, तेव्हाही आतल्या आत आलं होतं, आणि तीच माझी पहिली लाज. नवऱ्याने बायकोला विचारलं, “यही था?” तिने माझा चेहरा पाहिलेलाच नव्हता. दामोदरचाही नाही. तिने त्या दुकानात फक्त एक मिटलेला डोळा पाहिला होता आणि मिटलेला डोळा तर समोर होताच. घूँघट जरा हलला. दिराने दामोदरच्या कानाखाली वाजवली. भिंग खाली पडून फुटलं.

दामोदर मारणाऱ्याकडे नाही, माझ्याकडे वळला.

“मुकुंदभाऊ, सांगा ना यांना.”

एकच वाक्य सांगायचं होतं. माप मी घेतलं, डोळा मी मिटला, तो मिटावाच लागतो, ही पट्टी, बसा समोर, तुम्हालाही करून दाखवतो. हेच वाक्य रोज दहा वेळा म्हणायची सवय असलेला माणूस मी. पण मला दिसलं ते असं की उद्या अख्खं कांचघर म्हणेल, अण्णाजींचा नवा जावई दुकानात बसून बायकांना डोळा मारतो. मी दामोदरकडे पाहिलं नाही. काउंटरवरच्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणालो,

“चलो भैया, जाने दो. मैं समझा दूँगा इसको.”

नुसता गप्प राहिलो असतो तर एक वेळ भित्रा ठरलो असतो. ‘समझा दूँगा’ म्हणून मी त्याच्यावर शिक्का मारला. मंडळी शांत झाली. जाताना नवरा माझा हात हातात घेऊन म्हणाला, “आप भले आदमी हैं.”

ते कुटुंब चष्मा न्यायला पुन्हा आलं नाही. अण्णाजी आले तेव्हा पानवाल्याने त्यांना सगळं सांगितलंच होतं. ते म्हणाले, “बरं सांभाळलं, जावईबापू.” हे म्हणताना ते भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते. सगळ्यात खालची ओळ वाचत असल्यासारखे. घरी बायकोने, शालिनीने, विचारलं, “दामोदरभाऊंनी खरंच तसं केलं काय हो?” मी म्हणालो, “आता काय सांगू तुला.” खोटं बोलायला याहून छोटं वाक्य मराठीत नसेल.

दामोदरचं नाव ‘आँखमारू’ पडलं. भाजीवाली म्हणायची, “आँखमारू भैया, आँख मारने से भाव कम नहीं होगा.” त्याने काळा चष्मा लावून पाहिला. तर लोक म्हणायला लागले, आता आतून किती मारत असेल कोण जाणे. तोही हसायचा. पण मागच्या खोलीतून बाहेर येणं त्याने बंद केलं. आणि भिंग तपासताना तो दोन्ही डोळे उघडे ठेवायला शिकला. जमत नसे. काचा परत यायला लागल्या.

त्याच महिन्यात त्याच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. मुलीचे वडील रेल्वेत होते, फार सरळ माणूस. ते एकटे माझ्याकडे आले.

“तुम्ही रोज सोबत असता म्हणून विचारतो. मुलगा कसा आहे? लोक काहीबाही बोलून राहिले.”

मी म्हणालो, “मुलगा सोन्यासारखा आहे.” अगदी खरं बोललो. पण हे बोलताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो. वडीलधाऱ्यांशी बोलायची माझ्या घरची रीत तीच, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. ते माझ्या खाली गेलेल्या नजरेकडे पाहत होते. मग म्हणाले, “अच्छा. तुमची नजर सांगून राहिली मला. तुमची अडचण समजतो मी, सोबत काम करायचं आहे तुम्हाला.” आणि निघून गेले. मझौलीच्या त्या बाईने नजर खाली ठेवली ती मर्यादा म्हणून. मी ठेवली ती गुन्हा लपवायला. दोन्ही नजरांनी दामोदरचंच नुकसान केलं.

दामोदरचे मामा शहपुऱ्याला होते. तो तिकडे जायला निघाला. जाण्याआधी मागच्या खोलीत त्याने आपली हत्यारं पुसून ओळीत मांडून ठेवली. मी दारात उभा होतो. तो म्हणाला, “मुकुंदभाऊ, तुम्ही मला समजावणार होते ना? अजून समजावलं नाही.”

मी म्हणालो, “बस चुकेल तुझी.”

त्यानंतरची बरीच वर्षं सोडून देतो. दुकान चाललं, शालिनीने संसार केला, अण्णाजी गेले. शहपुऱ्याला दामोदरने चष्म्याचं दुकान टाकल्याचं कानावर आलं, उशिरा का होईना लग्न झाल्याचंही. शहपुऱ्याच्या बसमध्ये मी दोनदा बसलो. एकदा गावातच मेडिकल कॉलेजपाशी उतरलो, एकदा भेडाघाटच्या फाट्यावर. दुसऱ्या वेळी धबधबा बघून परत आलो.

गेल्या वर्षी नात सुट्टीत आली. तिला नवा चष्मा हवा होता आणि तो तिने फोनवरच मागवला. मी विचारलं, “अगं, माप कोण घेणार?”

“फोन घेतो न, आजोबा. बस, सीधा बघायचं.”

तिने फोन समोर धरला, सरळ त्यात पाहिलं आणि फोनने अंतर सांगितलं. बासष्ट. मी पट्टी शोधून काढली, तिला समोर बसवलं, मंत्र म्हणालो, एक डोळा मिटला, दुसरा मिटला. बासष्ट.

नात हसून लोळली. “आजी, आजोबा मला आँख मारून राहिले!”

शालिनी तिथेच वाटाणे सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “सगळ्यांनाच मारली आहे त्यांनी. मलाही मारली होती, मी अण्णांच्या दुकानात माझा चष्मा करायला गेली तेव्हा. मंत्र म्हणायचे विसरले होते. मला वाटलं, बरा आहे, हिंमत तर आहे. म्हणून तर अण्णांना हो म्हटलं मी.”

नात पुन्हा लोळली. नात बाहेर गेल्यावर मी शालिनीला विचारलं, “म्हणजे तुला माहीत होतं?”

“दामोदरभाऊ माप घेत नव्हते हे मला माहीत नसणार? दुकान माझ्या बापाचं होतं. अण्णांनाही माहीत होतं.”

“मग बोलली काहून नाही?”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही बोलायची वाट पाहून राहिली होती.”

दुसऱ्या दिवशी मी शहपुऱ्याच्या बसमध्ये बसलो आणि या वेळी शहपुऱ्यालाच उतरलो. बसमध्ये वाक्य पाठ केलं. लांबलचक नको म्हणून छोटं केलं: ‘दामोदर, त्या दिवशी डोळा मी मिटला होता. आणि तुझ्या सासऱ्यांसमोर मान मीच खाली घातली.’ मग आठवलं, ते त्याचे सासरे झालेच नाहीत. दुरुस्ती केली.

दुकान बाजारातच होतं, छोटं पण लख्ख. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत रंगवलेली पाटी: ‘नाप लेते समय एक आँख बंद करना काम का हिस्सा है. कृपया बुरा न मानें.’ चष्मा नसलेल्या माणसालाही वाचता येईल एवढी मोठी अक्षरं.

दामोदरचे सगळे केस पांढरे झाले होते. मला पाहून म्हणाला, “या मुकुंदभाऊ.” जसा मी कालच उठून गेलो होतो. आत हाक मारून चहा सांगितला. त्याच्या बायकोने दोन ग्लास आणून ठेवले. त्याने एक ग्लास उचलला, उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, “पाटी चांगली आहे.”

“लोक हसतात. पण कामाची आहे.” मग म्हणाला, “कसं येणं केलं?”

वाक्य जिभेवर होतं. मी म्हणालो, “चष्मा करायचा होता.”

चष्म्याच्या दुकानाचा मालक पंचवीस-तीस किलोमीटर बसने येऊन दुसऱ्याच्या दुकानात चष्मा करतो, याचं त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. माझा जुना चष्मा घेतला, नंबर उतरवून घेतला आणि पट्टी काढली. तीच सहा इंची. स्टूल माझ्यासमोर ओढलं, हातभर अंतरावर. मला त्या गोंड बाबाची आठवण आली. दामोदर तसा शेजारी बसला असता तर मी बोललो असतो.

“एक डोळा मिटून राहिलो आहे,” दामोदर म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नका.”

त्याने पट्टी माझ्या नाकावर धरली आणि उजवा डोळा मिटला.

“माझ्या डोळ्यात पाहा, मुकुंदभाऊ.”

मी पाहिलं. पट्टीवर शून्य लागेपर्यंतही तग धरला नाही. नजर घसरली, त्याच्या बटणावर गेली, मग फरशीवर.

“खाली काहून पाहता? माप चुकेल.”

मी पुन्हा वर पाहिलं. त्याने घाई केली नाही. एक डोळा मिटून, दुसरा माझ्यावर रोखून तो थांबून राहिला. बाहुलीचं माप घ्यायला एवढा वेळ लागत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पुन्हा माझी नजर खाली गेली. तिसऱ्यांदा डोळे इतके भरले की समोर दोन दामोदर दिसायला लागले.

त्याने पट्टी खाली ठेवली. “राहू द्या. अंदाजानं लिहितो.” आणि कागदावर आकडा लिहिला. लिहून झाल्यावर विचारलं, “आणखी काही सांगायचं आहे?”

चष्मा मी परस्पर बसने मागवून घेतला. फ्रेममध्ये काच अशी बसली आहे की हलवून हलणार नाही. माप मात्र एका बाजूला दीड-दोन मिलिमीटरने चुकलेलं आहे. तो लावला की जमीन जरा वर आल्यासारखी वाटते आणि पायरी उतरताना थांबावं लागतं. मी तोच वापरतो. हा लेख तोच लावून लिहिला आहे.

आणि हो, त्याने विचारलं होतं, आणखी काही सांगायचं आहे का. तेव्हा मी त्याच्या पाटीकडे बघत म्हणालो,

“फ्रेम जरा हलकी दे.”